जुने व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर : संग्रह, वापर आणि दृक्‌श्राव्य स्मृतीचे जतन

बीजसंज्ञा : व्हीसीआर, चुंबकीय फीत, व्हीएचएस, बीटामॅक्स, संग्रह, अंकीकरण.

प्रस्तावना :
ग्रंथ, पोथी किंवा छायाचित्र पाहण्यासाठी माणसाची दृष्टी पुरेशी असते. चुंबकीय फितीचे तसे नाही. व्हिडिओ कॅसेटची फीत उजेडात धरली तरी तीवर एकही चित्र दिसत नाही. ते दाखविण्याचे सामर्थ्य केवळ त्या पद्धतीच्या चालू यंत्रात असते. त्यामुळे घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर अर्थात व्हीसीआर जमविण्याच्या छंदाकडे केवळ गतकाळाविषयीची हौस म्हणून पाहता येत नाही. यंत्र बंद पडले की त्याच्याशी निगडित असलेला संपूर्ण ठेवा मुका होतो. प्रस्तुत लेखात या यंत्रांची जडणघडण, त्यांचा संग्रह व वापर आणि त्यातून उद्भवणारा जतनाचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
फिलिप्स कंपनीने १९७२ मध्ये एन-१५०० हे यंत्र आणले. त्याच्या चौकोनी कॅसेटमध्ये फितीची दोन चाके एकावर एक बसविलेली होती. १९७५ मध्ये सोनीचे बीटामॅक्स व १९७६ मध्ये जेव्हीसीचे व्हीएचएस बाजारात आले. आरंभी बीटामॅक्सच्या कॅसेटवर एक तास, तर व्हीएचएसवर दोन तास मुद्रण होत असे. एक चित्रपट एकाच कॅसेटवर मावणे ही व्हीएचएसची जमेची बाजू ठरली. जेव्हीसीचे एचआर-३३०० हे पहिले व्हीएचएस यंत्र आज संग्राहकांच्या दृष्टीने मानाचे मानले जाते.

भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्याच दशकात व्हिडिओचा प्रसार झाला. शहरांत व तालुक्याच्या गावांत व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणून लागोपाठ दोन-तीन चित्रपट पाहण्याची प्रथा रूढ झाली. लग्नसमारंभांचे चित्रण कॅसेटवर होऊ लागले. १९८८ मध्ये सुरू झालेले ‘न्यूजट्रॅक’ हे वृत्तमासिक तर व्हिडिओ कॅसेटच्या रूपातच प्रेक्षकांपर्यंत पोहोचत असे. दूरदर्शन हीच एकमेव वाहिनी असण्याच्या काळात ही पर्यायी पत्रकारिता व्हीसीआरमुळेच शक्य झाली, ही बाब लक्षणीय आहे.

यंत्राची कार्यपद्धती :
चित्राचा संकेत नोंदविण्यासाठी फीत आणि हेड यांच्यातील सापेक्ष वेग फार मोठा असावा लागतो. फीतच त्या वेगाने पळविली तर एका चित्रपटासाठी कित्येक किलोमीटर फीत लागेल. यावर उपाय म्हणून हेड फिरत्या ड्रमवर बसविण्यात आली. व्हीएचएसमध्ये ड्रमचा व्यास ६२ मिलिमीटर असतो. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत तो मिनिटास १,५०० फेरे घेतो. अर्धा इंच रुंदीची फीत त्याभोवती तिरपी गुंडाळली जाते व सेकंदास जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते. तरीही हेड आणि फीत यांच्यातील वेग सेकंदास पावणेपाच मीटरांहून अधिक होतो. प्रत्येक हेड फितीवर केसापेक्षाही अरुंद अशा तिरप्या रेषा आखत जाते. मुद्रण पुन्हा पाहताना हेडने नेमक्या त्याच रेषेवरून जाणे आवश्यक असते. ते न जमल्यास पडद्यावर पांढरे पट्टे दिसतात; ‘ट्रॅकिंग’चे बटण असते ते यासाठीच.

या सूक्ष्मतेमुळेच यंत्राची झीज हा गंभीर प्रश्न ठरतो. रबरी पट्टे सैल पडतात, फीत ओढणारे रबरी रोलर गुळगुळीत होतात, वंगण घट्ट होते, विद्युत मंडलातील कपॅसिटर निकामी होतात. पट्टा किंवा कपॅसिटर बदलता येतो. झिजलेल्या हेडला मात्र नवे हेड मिळणे दुष्कर झाले आहे. म्हणूनच अनुभवी संग्राहक एका चालू यंत्राबरोबर त्याच प्रकारची एक-दोन बंद यंत्रे सुट्या भागांसाठी बाळगतात. बाहेरून अडगळ वाटणारा हा साठा वस्तुतः त्यांचा भागभांडार असतो.

संग्रहाचे सांस्कृतिक मूल्य :
घरगुती मुद्रणाचे मोल किती असू शकते, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतील ‘द डीमन्स’ (१९७१) या कथेचे बहुतांश भाग मूळ रंगीत स्वरूपात उरले नव्हते. अमेरिकेतील प्रक्षेपणावरून घरगुती यंत्रावर केलेल्या मुद्रणातील रंग कृष्णधवल चित्रफितीशी जुळवून १९९२ मध्ये ते पुन्हा रंगीत करण्यात आले. फिलाडेल्फियाच्या मॅरिअन स्टोक्स यांनी १९७० च्या दशकापासून २०१२ मधील मृत्यूपर्यंत दूरचित्रवाणीवरील बातम्यांचे मुद्रण केले. सुमारे ७०,००० कॅसेटचा हा संग्रह पुढे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने स्वीकारला. जे प्रसारण संस्थांनी राखले नाही ते सामान्य घरांनी राखले, असा या उदाहरणांचा अर्थ आहे.

वापर आणि घ्यावयाची काळजी :
जुने यंत्र हाती येताच त्यात महत्त्वाची कॅसेट घालणे धोक्याचे असते. आधी बिनमहत्त्वाची कॅसेट चालवून फीत गुंतत नाही ना, हे पाहावे. हेड स्वच्छ करण्यासाठी कापसाचा बोळा वापरू नये. त्याचे तंतू अडकून नाजूक हेड तुटण्याचा संभव असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले तंतुविरहित चामडे ड्रमवर स्थिर धरून ड्रम हाताने हळू फिरवावा. चामडे वरखाली कदापि घासू नये. यंत्र उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढणे अनिवार्य होय. वीजपुरवठ्याच्या भागात त्यानंतरही काही काळ भार शिल्लक राहू शकत असल्याने ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

कोकण व मुंबईसारख्या दमट हवेत फितीवर बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी पूड दिसल्यास ती यंत्रात घालू नये, कारण तीच बुरशी हेडद्वारे पुढील कॅसेटना लागते. कॅसेट उभ्या, थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात. अंकीकरण करताना शक्यतो मूळ कॅसेटच वापरावी. प्रतीवरून प्रत काढताना प्रत्येक टप्प्यावर चित्राचा दर्जा घसरतो. कालाधार सुधारक अर्थात टाइम बेस करेक्टर वापरल्यास चित्राचे थरथरणे कमी होते.

जतनाची निकड :
सोनीने २००२ मध्ये बीटामॅक्स यंत्रांचे उत्पादन थांबविले. व्हीसीआर बनविणारी अखेरची ज्ञात कंपनी असलेल्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. सुटे भाग मिळण्यातील अडचण हे त्याचे एक कारण होते. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने २०१९ मध्ये ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सहकार्याने चुंबकीय फितींविषयी धोक्याची सूचना दिली. तिचा रोख फितीच्या क्षयाइतकाच चालू यंत्रे, सुटे भाग आणि कुशल हात यांच्या टंचाईवर होता.

हा प्रश्न महाविद्यालयांच्या दारातही उभा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १९८४ पासून दूरदर्शनवर प्रसारित होऊ लागला. त्याचे मुद्रण, स्नेहसंमेलने, मान्यवरांची व्याख्याने, लोककलावंतांचे प्रयोग असे साहित्य ज्या संस्थांच्या कपाटांत आहे, तेथे त्याची सूची करून प्राधान्य ठरविणे हे पहिले काम होय. ज्याची दुसरी प्रत कोठेही असण्याची शक्यता नाही, ते आधी. बाजारात मिळणारे चित्रपट शेवटी. निर्लेखनाच्या यादीत जुना व्हीसीआर घालण्यापूर्वी त्याच पद्धतीच्या कॅसेट ग्रंथालयात आहेत का, हे तपासणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
व्हीसीआर आणि कॅसेट ही स्वतंत्र वस्तू नसून एकाच दस्तऐवजाचे दोन अर्ध आहेत. संग्राहक यंत्र चालू ठेवतो, तेव्हा तो इतर कित्येकांच्या कॅसेटना वाचा देत असतो. अशा संग्राहकांचे व जुन्या तंत्रज्ञांचे कौशल्य महाविद्यालयांनी वेळीच उपयोगात आणल्यास स्थानिक इतिहासाचे एक दुर्मिळ साधन हाती राहील. अन्यथा कॅसेट सुस्थितीत असूनही ती वाचणारे यंत्र उरणार नाही.