बारीक दोरा, लवती काठी

जाड तंगूस आणि ताठ काठी घेतली की मोठा मासा हातचा जात नाही, असं गळ टाकायला शिकणाऱ्याला कुणी ना कुणी सांगतंच. खानदेशातल्या धरणांवर हा सल्ला उलटा पडतो. हतनूरला तापी-पूर्णेचा फुगवटा पसरट आहे आणि गाळाने काठ उथळ झाले आहेत, त्यामुळे खोल पाणी गाठायला गळ लांब फेकावा लागतो. जाड दोरा रिळातून अडखळत सुटतो आणि कणकेची हलकी गोळी अर्ध्या वाटेतच पडते. पावसाळ्यात पाणी गढूळ असेपर्यंत जाडी खपून जाते. दिवाळीनंतर पाणी निवळलं की रोहू, मृगळ फार सावध होतात. ताठ दोऱ्यावरचं आमिष पाण्यात मोकळं हलत नाही, आणि मासा ते तोंडात घेऊन लगेच थुंकतो.

म्हणून आधी दोरा ठरवावा, मग काठी. पाव मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा एकपदरी तंगूस साधारण ४ किलो ताण सोसतो. वेष्टनावर हाच आकडा बहुधा पौंडांत, ८ किंवा १० असा छापलेला असतो. त्यावर ४ किलोहून मोठा मासा येऊच शकत नाही, असं मात्र नाही. पाण्यात माशाचं वजन जवळजवळ जाणवत नाही. दोरा तुटतो तो अचानक बसलेल्या हिसक्याने, आणि तो हिसका काठीने वाकून, रिळाने दोरा सोडून जिरवायचा असतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ताण आल्यावर दोरा सुटू देणारी पकड, दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर सुटेल इतका सैल ठेवावा. ४ किलोच्या दोऱ्याला हा ताण सव्वा किलोच्या आसपास येतो. स्प्रिंगच्या काट्याला दोऱ्याचं टोक अडकवून तो घरीच तपासता येतो. मासा पळत असताना काठीचं टोक त्याच्याकडे रोखू नये. तसं केलं तर काठी वाकतच नाही आणि सगळा भार दोऱ्यावर येतो.

काठीवर मुठीच्या वर ती किती ग्रॅमचं वजन फेकू शकते ते लिहिलेलं असतं. या दोऱ्याला ५ ते २० ग्रॅमची, सुमारे ७ फुटी काठी पुरते. गावतळ्याच्या काठाशी चिलापीला बांबूही उत्तम. काचतंतूची काठी जरा जड, पण आपटली तरी सहन करते, आणि नवख्याने मी तरी तीच घ्यावी म्हणेन. कार्बनची हलकी असते, माशाचा बारीक टोचाही हाताला सांगते, पण तिच्यातून वीज वाहते. भुसावळकडे दीपनगरच्या वीजकेंद्रामुळे उच्चदाबाच्या तारा बऱ्याच आहेत. त्यांच्याखाली ती काठी उभारू नये, वीज कडाडत असताना तर नाहीच.

बारीक दोऱ्याला मर्यादाही आहेत. पाणवनस्पतींत दडणारी मरळ आणि दातांचा शिवडा यांच्यासाठी गळाजवळ जाड दोऱ्याचा हातभर तुकडा जोडावा. तापी-गिर्णेच्या काळ्या खडकावर घासलेला दोरा बोटांत धरून पाहावा, खरखरीत लागला तर तेवढा कापून टाकावा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतो. उन्हाचंही तसंच आहे. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा रीळ गाडीत ठेवू नये आणि दोरा दरवर्षी नवा भरावा.

कापलेले तुकडे घरी आणावेत. हतनूरला हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, त्यांच्या पायांत हा दोरा अडकतो आणि पाय कापतो. बहुतेक जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. गळ टाकण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी, कारण त्यांची चूल त्याच पाण्यावर चालते.

काठी विकत घेताना दुकानातच तिला रीळ लावावं, दोरा सगळ्या कड्यांतून ओवावा, टोक दुकानदाराच्या हातात द्यावं आणि हळूहळू ताण वाढवावा. फक्त शेंडा वाकून खाली काठी ताठ राहिली, तर या दोऱ्यासाठी ती नको. ताण वाढेल तसा बाक मधल्या भागापर्यंत सरकत आला, तर ती घ्यावी.