शेणावरची छत्री आणि निळा डाग

पाऊस मुरला की चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या वाटेवर, गौताळ्याच्या पायथ्याशी जनावरं चरतात तिथं, शेणावर अळंबीच्या तऱ्हेतऱ्हेच्या छत्र्या उगवतात. ‘शेणावर उगवली, देठ दाबल्यावर निळी पडली, म्हणजे नशेचीच’ असं मोबाइलवर वाचून पोरं ठामपणे सांगतात. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे.

‘सायलोसिबी क्युबेन्सिस’ ही नशेची जात शेणावर वाढते, हे खरं. सोनेरी-तपकिरी टोपी, देठावर कडं, गडद जांभळट बीजाणू, ही तिची पुस्तकातली ओळख. पण शेणावर पॅनिओलस, कोप्रिनॉप्सिस यांसारखे कितीतरी प्रकार वाढतात. उन्हानं टोपीचा रंग उडतो, पावसात कडं गळून जातं आणि मग चित्राशी मेळ बसत नाही.

निळ्या डागाचंही तसंच. पेशी चिरडल्या की त्यातलं नशा आणणारं सायलोसिन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून निळं होतं. मात्र बोलेट गटातल्या अनेक अळंब्या सायलोसिन नसतानाही कापताच निळ्या पडतात. तिथलं रसायनच वेगळं असतं. शिवाय लाकडावर उगवणारी ‘गॅलेरिना मार्जिनाटा’ ही लहानशी, तपकिरी, कडंवाली अळंबी यकृत निकामी करणारं अमॅटॉक्सिन बाळगते. नशेची समजून ती खाल्ल्यानं अमेरिकेत मृत्यूही झाला आहे.

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्यानं खाल्लेली चांगली, उकळली की विष जातं, ही तिन्ही मतं साफ चुकीची. किड्याला पचतं ते माणसाला पचेलच असं नाही आणि अमॅटॉक्सिन शिजवूनही टिकतं.

मग वारुळावरची अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खाणारे चुकतात का? त्यांचं ज्ञान मला फार मोलाचं वाटतं. वाळवीच्या घरट्यापर्यंत खोल गेलेला देठ, जागा, पावसाचे दिवस हे सगळं ते एकत्र पाहतात. पण ती ओळख त्या एका अळंबीची आहे. शेणावरच्या छत्रीला ती लागू पडत नाही.

नशेची छत्री रानात फुकट उगवते म्हणून कायद्याचं भय नाही, हाही भ्रमच. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सायलोसिन आणि सायलोसिबिन ही नशेची दोन्ही द्रव्यं आहेत.

अमॅटॉक्सिनमुळे उलट्या-जुलाब बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतात. मग दिवसभर बरं वाटतं, पण आत यकृत खराब होतच असतं. म्हणून रानातली अनोळखी अळंबी पोटात गेली असेल तर त्रास होण्याची वाट न पाहता, उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत घ्यावा आणि थेट दवाखाना गाठावा.