मामाचं गाव, उणे अठरा

आमच्या ईराच्या मामाचं गाव एस्पो. हेलसिंकीला खेटून असलेलं, फिनलंडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर. तिथल्या आयटी कंपन्यांमध्ये आता मराठी मंडळी बऱ्यापैकी आहेत, माझा भाऊ त्यांतलाच एक. ईरा चार वर्षांची. एकदा मोठ्या शाळेत गेली की मोठ्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यातच. बर्फातलं मामाचं गाव पाहायचं तर आत्ताच. म्हणून डिसेंबरात मी, नवरा, ईरा आणि माझी आई असे निघालो. सोसायटीत ज्याला त्याला एकच काळजी: एवढ्या थंडीत एवढ्याशा पोरीला कशाला नेताय?

मी बालवाडीत शिकवते. मुलं थंडीनं कमी आणि मोठ्यांच्या वेळापत्रकानं जास्त दमतात, हे मला रोज दिसतं. हिवाळी देशातली सुट्टी लहान मुलाला झेपते, मानवते, आवडतेसुद्धा. फक्त सहलीचा दिवस मुलाच्या दिवसाएवढाच ठेवायला हवा. एका दिवसात एकच ठिकाण, तेही उजेडात. बाकीचा वेळ तिथली मुलं जगतात तसं जगायचं.

आधी कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसाचं शुल्क नाही आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा मात्र लहानग्यांनाही लागतो. आणि एक गोष्ट आजीलोकांना आधीच सांगून ठेवा: युरोपीय संघाबाहेरून येताना दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानात चालत नाहीत. तुपाची बरणी, पेढे, खव्याच्या वड्या घरीच राहतात. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला ठरावीक वजनापर्यंत सवलत आहे. आईनं मग नाचणीचं सत्त्व, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी बांधली. लोणी तिथे उत्तम मिळतं, ते कढवून तिनं एस्पोतच तूप केलं.

हिवाळ्यात फिनलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पुण्यात सकाळी सातला उठणारी मुलगी तिथे पहाटे साडेतीनला टक्क जागी. हेलसिंकीत डिसेंबरच्या शेवटी सूर्य उगवतो साधारण सव्वानऊ-साडेनऊला आणि मावळतो सव्वातीनच्या सुमारास. म्हणजे पहाटे उठलेल्या मुलासमोर सहा तासांचा अंधार. तिला पुन्हा झोपवण्याचा हट्ट आम्ही धरला नाही. दिवे मंद ठेवायचे, गरम पेज द्यायची, आजीनं गोष्ट सांगायची. सूर्य वर आला की लगेच बाहेर पडायचं, कारण शरीराचं घड्याळ लावायला उजेडाइतकं प्रभावी दुसरं काही नाही. दुपारी बाराला आलेली झोप थोडक्यात आवरायची आणि संध्याकाळी सातपर्यंत मुलाला खेळतं ठेवायचं. असं केलं की काही दिवसांत गाडी रुळावर येते.

आता कपडे. इथे मात्र मी सविस्तर बोलणार आहे, कारण सगळी सुट्टी यावर उभी असते.

आपण इथून जाडजूड जाकीट घेऊन जातो आणि आत सुती बनियन घालतो. सुती कापड घाम शोषतं, ओलं राहतं आणि ओलं कापड अंगातली ऊब खेचून घेतं. अंगालगत हवी लोकर, मेरिनोची पातळ, न टोचणारी. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा दुसरा थर. सगळ्यांत वर वारा आणि पाणी आत न सोडणारा, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध पोशाख. तिथे त्याला हालारी म्हणतात. त्याच्या पायाशी रबरी पट्टे असतात, ते बुटाखालून अडकवले की मूल बर्फात लोळलं तरी बर्फ आत शिरत नाही. हातमोजे वेगवेगळ्या बोटांचे नकोत, चारही बोटं एकत्र राहतील असे हवेत. बोटं एकमेकांना ऊब देतात. बूट थोडे मोठे घ्यावेत, आतलं अस्तर काढून वाळवता येईल असे. घट्ट बुटात हवा राहत नाही आणि पाय गार पडतात.

हे सगळं नवं घ्यायची गरज नाही. फिनलंडमध्ये वापरलेल्या वस्तूंची दुकानं गावोगावी आहेत. लोक तिथे एखादं कपाट आठवडाभर भाड्यानं घेतात आणि मुलांना लहान झालेले कपडे विकायला ठेवतात. ईराचा लाल हालारी आणि बूट भावाच्या बायकोनं तिथूनच आणून ठेवले होते. मुलांचे हिवाळी कपडे ज्या मजबुतीनं शिवलेले असतात ते पाहता दुसऱ्या-तिसऱ्या मुलानं वापरले तरी काही बिघडत नाही.

मुलाला थंडी वाजते आहे का, हे हात धरून कळत नाही. हात गार असू शकतात. मानेच्या मागे बोट घालून पाहायचं. मान उबदार आणि कोरडी असेल तर सगळं ठीक, घामेजली असेल तर एक थर कमी करायचा. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढुरका डाग दिसला तर ताबडतोब आत जायचं आणि उघडा, उबदार तळवा तिथे ठेवायचा. चोळायचं अजिबात नाही, गोठू लागलेल्या त्वचेला त्यानं इजा होते. बाबागाडीत बसलेलं मूल हलत नाही, म्हणून पळणाऱ्या मुलापेक्षा त्याला जास्त पांघरूण लागतं. मोटारीत मात्र जाड हालारी काढूनच मुलाच्या आसनाचा पट्टा लावायचा. फुगलेल्या कपड्यावरून तो नीट आवळला जात नाही.

तिथल्या बालवाड्या हिवाळ्यातही मुलांना रोज बाहेर काढतात. थंडी फारच वाढली तर वेळ कमी करतात, एवढंच. तान्ही बाळं गुरगुटून बाबागाडीत घालतात आणि ती बाहेरच्या हवेत दुपारची झोप काढतात. आई पहिल्यांदा असं एक बाळ बघून थबकलीच. त्या बाळाचे गुलाबी गाल पाहिल्यावर म्हणाली, ‘‘आपण उगाच खिडक्या लावून घेतो गं.’’

आईसाठी भावानं बुटांखाली चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे आणले होते. रस्त्यांवर खडी पसरलेली असते, तरी वितळून पुन्हा गोठलेला बर्फ काचेसारखा होतो. ‘‘आई, छोटी पावलं टाक, सगळा पाय एकदम ठेव,’’ असं तो तिला सारखा सांगायचा. प्रत्येकाच्या कोटाला एक चमकपट्टीही लटकते. अंधारात पायी चालणाऱ्यानं ती लावावी असं तिथला कायदाच सांगतो. ईराची घुबडाच्या आकाराची होती.

शहरात आम्ही काय पाहिलं, असं कुणी विचारलं तर मी आधी ओओदीचं नाव घेते. हेलसिंकीतलं हे मध्यवर्ती ग्रंथालय संसदेसमोर आहे, 5 डिसेंबर 2018 रोजी उघडलं. तिसऱ्या मजल्याची जमीन दोन्ही टोकांना वर चढत जाते. मुलं त्या उतारावर लोळतात, पुस्तकं चाळतात आणि कुणी त्यांना गप्प करत नाही. प्रवेश सगळ्यांना मोफत. बाहेर अंधार आणि बोचरा वारा असताना, पैसे न देता, काही विकत न घेता, मुलाला घेऊन तासन् तास बसता येईल अशी देखणी जागा शहराच्या ऐन मध्यावर असावी, याचं मला अतोनात अप्रूप वाटलं. आपल्याकडे मुलांसाठीच्या जागेचा विचार झाला तर तो मॉलमध्ये होतो.

आणखी एक. हेलसिंकी परिसरात बाबागाडीतल्या मुलाबरोबरच्या मोठ्या माणसाला बस, ट्राम, मेट्रो फुकट आहे. मूल सोडून तिकीट काढायला कुणी पुढे धावू नये, हा त्यामागचा साधा विचार. एस्पोत वस्तीतल्या मुलांसाठी राखलेल्या बागा आहेत, तिथे ऊब घ्यायला एक घर असतं. बाहेर टेकाडावरून प्लास्टिकच्या घसरगाडीत घसरायचं, हात गार झाले की आत येऊन डब्यातलं खायचं. ईरासाठी फिनलंड म्हणजे ते टेकाड. उत्तरेकडच्या लापलंडला जाऊन आल्यावरही तिनं पहिल्यांदा त्याच टेकाडाची चौकशी केली.

24 डिसेंबरची तयारी आदल्या दिवशीच करून ठेवावी. त्या दिवशी दुपारी बाराला तुर्कू शहरात नाताळच्या शांततेची घोषणा वाचली जाते, ही प्रथा मध्ययुगापासूनची. मग दुकानं मिटतात, बसगाड्या विरळ होतात. दूध, फळं, मुलाचं औषध घरात हवं. संध्याकाळी लोक कुटुंबासह स्मशानभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. आम्हीही भावाच्या शेजाऱ्यांबरोबर गेलो. बर्फावर दूरवर दिवे. ईरानं विचारलं, ‘‘इथे दिवाळी आहे?’’ आजी म्हणाली, ‘‘आपल्याकडे पितरांना पान वाढतात ना, तसं हे.’’ घरी परतल्यावर साखर-दालचिनी घातलेली दुधातली तांदळाची पेज होती. तिच्यात एक बदाम लपवलेला असतो, तो ज्याला मिळेल त्याचं वर्ष भाग्याचं. ईरानं तीन वाट्या खाल्ल्या.

नाताळ उरकल्यावर उत्तरेला निघालो, हेलसिंकीहून रोवानिएमीला, रात्रीच्या रेल्वेनं. विमान तासा-सव्वातासात पोचवतं, पण लहान मुलाबरोबर मी रेल्वेच सुचवेन. संध्याकाळी चढायचं, डब्यातल्या स्वतंत्र खोलीत झोपायचं, सकाळी लापलंडमध्ये उतरायचं. प्रवासाचा वेळ झोपेत जातो आणि मुलाला वरचा बर्थ हीच मोठी मौज असते.

रोवानिएमी दिसायला जुनं नाही, कारण 1944 साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं ते जवळजवळ संपूर्ण जाळलं. नंतर वास्तुरचनाकार आल्वार आल्तो यांनी रस्त्यांचा आराखडा रेनडिअरच्या शिंगांच्या आकारावर बेतला. 1950 मध्ये एलिनॉर रूझवेल्ट पुनर्बांधणी पाहायला येणार म्हणून आर्क्टिक वृत्तावर घाईघाईनं एक लाकडी खोपट उभारलं गेलं. आजचं सांताक्लॉजचं गाव त्या खोपटाच्या शेजारी, 1985 पासून आहे. सांताला भेटणं मोफत, फोटोला पैसे. डाकघरात दोन पेट्या आहेत: एकीतलं पत्र लगेच निघतं, दुसरीतलं पुढच्या नाताळाला पोचतं. ईरानं स्वतःच्या नावानं दुसऱ्या पेटीत रेघोट्यांचं पत्र टाकलं.

आम्ही तिथे होतो तेव्हा पारा उणे अठरावर होता. सूर्य त्या दिवसांत दोन-अडीच तासच, तोही क्षितिजाला चिकटून; पण आधी आणि नंतर बराच वेळ निळसर उजेड बर्फावर पसरलेला असतो आणि त्यात मुलं मजेत खेळतात. अर्धा-पाऊण तास बाहेर, मग तेवढाच वेळ आत, असं आम्ही ठरवलं होतं. आत जाण्यासाठी आर्क्टिकुम संग्रहालय उत्तम. 172 मीटर लांबीच्या काचेच्या बोगद्यातून चालताना आकाश डोक्यावरच असतं.

उत्तरध्रुवीय प्रकाशासाठी मुलांना मध्यरात्री उठवून माळरानावर उभं करणारी कुटुंबं मी पाहिली, आणि मला ते पटलं नाही. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर हवेतल्या ऑक्सिजनला धडकतात, तेव्हा तो हिरवा रंग दिसतो. पण खाली ढग असले तर काहीच दिसत नाही, आणि वाट पाहणं तासन् तासांचं. ईराला झोपू दिलं. एकानं तिच्याजवळ थांबायचं, बाकीच्यांनी आळीपाळीनं बाहेर जायचं. आईला दिसला. मला नाही.

मुलासाठी जाणाऱ्यांना मी डिसेंबरपेक्षा फेब्रुवारी सुचवेन. फेब्रुवारीच्या मध्याला लापलंडमध्ये आठ तासांच्या आसपास दिवस असतो, बर्फ जास्त साचलेला असतो, नाताळची गर्दी आणि नाताळचे भाव ओसरलेले असतात, आणि सांताचं गाव वर्षभर उघडं असतं. त्या महिन्याच्या उत्तरार्धातली तारीख मात्र तिथल्या शाळांच्या हिवाळी सुट्टीशी ताडून घ्यावी; ती दक्षिणेत आधी आणि उत्तरेत नंतर येते, आणि तेव्हा टेकड्या फिनिश मुलांनी भरलेल्या असतात. ईराची शाळा जूनमध्ये सुरू होते आहे. तिच्या बाईंना भेटून आम्ही पुढच्या फेब्रुवारीचं आत्ताच विचारून ठेवणार आहोत.