निळ्या फरशांवरचं हरवलेलं लिस्बन

१ नोव्हेंबर १७५५. सकाळी पोर्तुगालमधलं लिस्बन भूकंपाने हादरलं, पाठोपाठ समुद्र आत घुसला आणि उरलंसुरलं आगीने गिळलं. राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालयही गेलं. तरीही भूकंपाआधीचं ते शहर आज पाहता येतं. तिथल्या राष्ट्रीय अझुलेझु (म्हणजे झिलईच्या फरशा) संग्रहालयात सुमारे २३ मीटर लांबीची चित्रपट्टी आहे. १७०० च्या सुमारास रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांवर नदीकाठची चर्च, वाडे, धक्के, गलबतं ओळीने उभी आहेत. मी याला सजावट म्हणणार नाही; हा त्या शहराचा दस्तऐवज आहे.

कागद जळतो, भिंतीवरच्या रंगाचे पोपडे निघतात. फरशीवरचं चित्र टिकतं ते भट्टीमुळे. एकदा भाजलेल्या मातीच्या फरशीवर कथील मिसळलेल्या झिलईचा थर देतात. चित्र काढायचं ते हा थर कच्चा असतानाच. कोरडी, भुकटीसारखी झिलई रंग क्षणात शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसण्याची सोयच नाही. फरशी पुन्हा भट्टीत गेली की झिलई वितळून पांढरीशुभ्र काच होते आणि रंग तिच्यात कायमचा मुरतो. निळाच रंग का, तर कोबाल्टचा निळा ही आच सहज सोसतो. शिवाय चीनहून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं वेड ती चित्रपट्टी रंगवली तेव्हा युरोपभर होतं.

भूकंपानंतर शहर उभारताना साध्या नक्षीच्या फरशा भरपूर वापरल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात त्या घरांच्या दर्शनी भिंतींवरही चढल्या, आणि तिथेच चोरांचं फावलं. जुन्या घरांच्या फरशा उपटून विकल्या जाऊ लागल्या. अखेर २००७ मध्ये तिथल्या पोलिसांच्या संग्रहालयाला त्या वाचवण्यासाठी मोहीम हाती घ्यावी लागली.

पोर्तुगालमधल्याच पोर्तू शहराच्या साव बेंतू रेल्वे स्थानकातल्या सुमारे २०,००० फरशा रंगवणारे जॉर्ज कोलासू आपल्याही जवळचे आहेत. पणजीत आझाद मैदानालगतच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात त्यांच्या १९३५ च्या फरशा आहेत. त्यांवर पोर्तुगीज कवी कामोंइश यांच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत. कथा राज्यकर्त्यांच्या नजरेतली आहे, हे विसरू नये. पण गोवा मुक्त झाल्यावरही त्या फरशा जागच्या जागी राहिल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढच्या वेळी पणजीला गेलात, तर किनाऱ्याकडे वळण्याआधी अर्धा तास या दालनासाठी राखून ठेवा.