जुनी हायब्रिड मोटार : भरवसा कशावर ठेवावा?

शेतकरी बैलबाजारात गेला म्हणजे आधी बैलाचा जबडा उघडून दात पाहतो. विकणाऱ्याने वय काहीही सांगितले तरी दात खोटे बोलत नाहीत, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असतो. मग तो बैल चालवून पाहतो, खुरांवर हात फिरवतो आणि त्यानंतरच उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवतो. जुनी मोटार घेणाराही आजवर असेच काही करीत आला आहे. इंजिनाचा आवाज ऐकावा, धुराचा रंग पाहावा, तेलाची कांडी काढून तेल बोटावर घ्यावे, क्लच दाबून पाहावा. एवढ्याने मोटारीच्या वयाचा बराचसा अंदाज येत असे.

परंतु पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर ही दोन्ही जिच्यात एकत्र नांदतात, त्या हायब्रिड म्हणजे संकरित मोटारीचे दात कोठे पाहायचे? ती उभी असताना आवाज करीत नाही, धूर सोडत नाही आणि तिला क्लच नसतोच. त्यातून ती आलिशान असेल तर कातडी आसने व लाकडी नक्षी पाहूनच माणूस भारून जातो. म्हणून या प्रश्नाचा आम्ही येथे थोडा बारकाईने विचार करणार आहो. प्रश्न नुसता हौसेचा नाही. अमेरिकेतील बहुतेक गावी मोटारीवाचून दूध-भाजीही आणता येत नाही. मग नोकरीची गोष्ट कशाला? तेथे नवखे कुटुंब मोठी, ऐसपैस आणि स्वस्तात मिळणारी मोटार शोधू लागते, तेव्हा दहा-पंधरा वर्षे वापरलेली आलिशान हायब्रिड त्याच्या दृष्टीस पडते. ती चांगली निघाली तर संसार सुरळीत चालतो. ती रस्त्यात बसली तर पगार आणि शिल्लक दोन्ही एकदमच अडचणीत येतात.

उदाहरणासाठी आम्ही एकच गाडी घेतो. तिचे नाव लेक्सस आर-एक्स 400 एच. टोयोटा कंपनीने 1997 मध्ये जपानात प्रियस ही छोटी हायब्रिड मोटार विक्रीला काढली. तेच तंत्र मोठ्या, उंच आणि महागड्या गाडीत घालून तिने 2005 मध्ये ही गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली. नवी असताना तिची किंमत 40 हजार डॉलरांहून अधिक होती. वजन सुमारे दोन टन. 3.3 लिटरचे सहा नळकांड्यांचे पेट्रोल इंजिन, जोडीला विजेच्या मोटरी, आणि मागच्या आसनाखाली 288 व्होल्टची बॅटरी, असा तिचा सरंजाम होता.

या गाडीत काय नाही, हे आधी पाहू. कारण टिकाऊपणाचे पहिले रहस्य तेथे आहे. साध्या मोटारीत इंजिन सुरू करायला स्टार्टर असतो, बॅटरी भरायला अल्टरनेटर असतो, वेग बदलायला गिअरांची पेटी असते. या गाडीत हे तिन्ही नेहमीच्या स्वरूपात नाहीत. त्यांच्या जागी दंतचक्रांची एक ग्रहमाला आहे. मध्ये सूर्यचक्र, त्याच्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि या सर्वांना वेढणारे बाहेरचे कडे. इंजिन ग्रहचक्रांना फिरवते, एक विद्युतयंत्र सूर्यचक्राला जोडलेले असते, आणि कडे चाकांकडे शक्ती नेते; मोठी मोटरही तेथेच आपला हात देते. सूर्यचक्राच्या यंत्राचा वेग कमीजास्त केला की इंजिन व चाके यांच्या वेगाचे प्रमाण आपोआप बदलते. तेच यंत्र इंजिन सुरूही करते आणि वीजही निर्माण करते. दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. घसरणारा पट्टा नाही, झिजणारा क्लच नाही. चारही चाकांना ओढ असलेल्या प्रकारात मागच्या चाकांसाठी वेगळीच मोटर बसवलेली आहे. पुढून मागे जाणारा लांब दांडाही नाही.

ब्रेकचेही असेच. पाय दाबला की पुष्कळदा मोटर उलटी भूमिका घेऊन जनित्र बनते आणि गाडीचा वेग विजेच्या रूपाने बॅटरीत परत जातो. त्यामुळे ब्रेकचे गट्टे साध्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतात. थोडक्यात, ज्या वस्तू घासून घासून झिजतात त्यांची संख्या या गाडीत कमी आहे.

मग बिघडते काय? प्रथम बॅटरीचा विचार करू, कारण सर्वांना धास्ती तिचीच असते. ही बॅटरी निकेल-मेटल-हायड्राइड जातीची आहे. तिच्यात 1.2 व्होल्टचे 240 घट एकामागून एक जोडलेले असून आठ-आठ घटांचा एक, असे त्यांचे 30 संच केलेले आहेत. एकामागून एक जोडणी म्हणजे जणू हाताला हात धरून उभी राहिलेली माणसांची रांग. एकाचा हात सुटला की रांग तुटते. बॅटरी म्हातारी होते ती सगळी एकदम नव्हे. आधी काही घट दुबळे होतात आणि बाकीच्यांना मागे खेचतात. म्हणूनच गाडीतील संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. साधारण मध्यावर ठेवतो. रोज पोटाला तड लागेपर्यंत न जेवणारा आणि उपासही न करणारा माणूस दीर्घायुषी व्हावा, त्यातलाच हा प्रकार.

हा संयम फळाला येतो असे दिसते. अमेरिकेतील ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने 2011 मध्ये 2002 सालची, सुमारे 2 लाख 8 हजार मैल, म्हणजे जवळजवळ 3 लाख 35 हजार किलोमीटर धावलेली एक प्रियस तपासली. दहा वर्षांपूर्वी तशीच नवी गाडी तपासताना आलेल्या आकड्यांशी ताडून पाहता पेट्रोलच्या खपात नाव घेण्यासारखा फरक पडलेला नव्हता. अर्थात एका गाडीवरून सर्वांविषयी सिद्धांत मांडणे योग्य नव्हे. शिवाय सतत धावणाऱ्या गाडीचा अनुभव उभ्या राहणाऱ्या गाडीला लागू पडतोच असे नाही.

येथे एक लोकभ्रम दूर केला पाहिजे. ‘म्हाताऱ्या गृहस्थांची गाडी, फक्त रविवारी बाहेर काढलेली’ असे सांगितले की घेणारा खूष होतो. साध्या मोटारीच्या बाबतीत त्याच्या आनंदाला थोडा तरी आधार असतो. हायब्रिडच्या बाबतीत तो फार कमी. या जातीची बॅटरी नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरत जाते, आणि सर्व घट सारख्या गतीने उतरत नाहीत. म्हणजे दीर्घ विश्रांतीने त्यांच्यातली विषमता वाढते. बॅटरीचे वय किलोमीटरांइतकेच वर्षांनीही मोजावे लागते, आणि वर्षांइतकेच उष्णतेनेही. ॲरिझोनाच्या उन्हात दहा वर्षे काढलेली गाडी आणि थंड प्रदेशातली तेवढ्याच वयाची गाडी यांच्या बॅटऱ्या समवयस्क नसतात. थंड प्रदेशाचा दोष निराळा. तेथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीचे पोट गंजवून टाकते.

उष्णतेशी संबंधित एक क्षुल्लक गोष्ट अनेक मालकांना ठाऊकच नसते. बॅटरीला थंड ठेवणारी हवा पंखे गाडीच्या आतूनच ओढून घेतात. त्या वाटेवर धूळ, कापडाचा भुसा, पाळीव कुत्र्याचे केस साचले की पंखा फिरतो पण हवा जात नाही. बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. काही मिनिटांची सफाई न केल्यामुळे हजारो डॉलरांचे नुकसान व्हावे, हे दुर्दैव खरे. पण ते टाळता येण्याजोगे आहे.

बॅटरीनंतर येतो इन्व्हर्टर. बॅटरीतील एकदिश विजेचे मोटरींना लागणाऱ्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करणारी ही पेटी. या गाडीत 288 व्होल्टचा दाब प्रथम 650 व्होल्टपर्यंत चढवतात आणि मग मोटरींना वीज पुरवतात. एवढ्या कामात उष्णता निर्माण होणारच. म्हणून इन्व्हर्टरला स्वतंत्र थंड पाणी आणि विजेचा छोटा पंप दिलेला असतो. येथे प्रत्यक्ष दोषही आढळला होता. इन्व्हर्टरमधील काही ट्रान्झिस्टरांचे डाख पुरेसे पक्के नव्हते आणि जड विद्युतप्रवाहाच्या उष्णतेने ते निकामी होण्याचा, क्वचित चालत्या गाडीची शक्ती जाण्याचा संभव होता. म्हणून टोयोटाने जून 2011 मध्ये अमेरिकेतील 2006 व 2007 च्या श्रेणींतील सुमारे 36,700 आर-एक्स 400 एच आणि 45,500 हायलँडर हायब्रिड गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. जुनी गाडी घेणाऱ्याने ही दुरुस्ती त्या विशिष्ट गाडीवर झाली आहे की नाही, हे तिच्या चासी-क्रमांकावरून अवश्य पडताळावे.

तिसरी वस्तू ब्रेकची. गट्टे टिकतात हे खरे. पण विजेचा व तेलाचा ब्रेक यांची सांगड घालणारे नियंत्रक यंत्र गुंतागुंतीचे आहे, आणि ते बिघडले तर गट्ट्यांत वाचवलेले पैसे व्याजासह द्यावे लागतात. चौथी गोष्ट अगदी जुन्या पद्धतीची. या गाडीच्या इंजिनात टायमिंगचा रबरी पट्टा आहे. तो साधारण 90 हजार मैलांना, म्हणजे सुमारे 1 लाख 45 हजार किलोमीटरना बदलावा लागतो. पुष्कळ लोक बॅटरीच्या चिंतेत पट्ट्याला विसरतात. पाचवी वस्तू म्हणजे साधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी. ती इंजिन फिरवीत नाही, फक्त संगणकांना जागे करते. पण ती उतरली की दोन टनांची गाडी निर्जीव पेटीसारखी उभी राहते. मग घाबरलेला मालक मोठी बॅटरी गेली असे समजतो आणि लोभी कारागीर त्याचा तो समज खोडून काढीत नाही.

आता या सर्वाचे तात्पर्य काय? साधी जुनी मोटार वारंवार, पण थोडे थोडे मागते. जुनी हायब्रिड क्वचित मागते, पण एकदम पुष्कळ मागते. दोघींपैकी दुसरी अधिक ‘विश्वासू’ म्हटली जाते, आणि बिघाडांची संख्या मोजली तर ते खोटेही नाही. परंतु हातावर पोट असलेल्या माणसाला बिघाड किती वेळा होतो यापेक्षा एका वेळी किती पैसे लागतात, हाच प्रश्न मोठा असतो. त्यातून आलिशान गाडीची आणखी एक मेख आहे. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत तशी उतरत नाही. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही.

समजा, कोणी अशी गाडी 6 हजार डॉलरांना घेतली आणि नवी बॅटरी बसवायला 4 हजार लागणार आहेत. जो ही गाडी 6 हजारांची समजतो तो फसला. जो ती 10 हजारांची समजून उरलेले 4 हजार बाजूला ठेवतो, तो सुखी. ते एकदम नसतील, तर पाच वर्षांच्या साठ महिन्यांत विभागून महिन्याला सुमारे 67 डॉलर पडतात. बॅटरी टिकली तर ते पैसे आपलेच आहेत. ज्याला हे जमत नाही, त्याने साधी, लहान, गावातल्या कोणत्याही कारागिराला उघडता येईल अशी मोटार घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

दुरुस्तीविषयीही एक इशारा द्यावासा वाटतो. तीस संचांपैकी एकच दुबळा संच बदलून देणारे कारागीर असतात आणि ते स्वस्त पडते. पण उरलेले एकोणतीस संच तेवढ्याच वयाचे असतात. आज एक बदलला, सहा महिन्यांनी दुसरा बोलू लागतो. फाटत आलेल्या धोतराला नव्या कापडाचे ठिगळ लावावे, तसे हे होते. गाडी लवकरच मोडीत काढायची असेल तर ठिगळ पुरते. अनेक वर्षे वापरायची असेल तर ते महाग पडते. आणि हे काम घरच्या घरी करण्याचे साहस कोणी करू नये. नारिंगी रंगाच्या तारांतून वाहणारा दाब प्राणघातक असतो. जाणता कारागीरही आधी सुरक्षा-खुंटी काढतो, काही मिनिटे थांबतो आणि रबरी हातमोजे घालूनच हात लावतो.

हे सर्व परदेशाचे पुराण आहे, असे कोणी म्हणेल. तसे ते आता राहिलेले नाही. लेक्ससची विक्री भारतात 2017 मध्ये सुरू झाली, तेव्हा याच गाडीची पुढची पिढी आर-एक्स 450 एच येथे आली. आणि 2022 पासून ग्रँड विटारा व इनोव्हा हायक्रॉस यांसारख्या हायब्रिड गाड्या आपल्या गल्लीबोळांत दिसू लागल्या. आज नव्या असलेल्या या गाड्या उद्या जुन्या बाजारात येतील, आणि तेव्हा आपल्यालाही दात पाहता आले पाहिजेत.

ते कोठे पाहायचे, हे आता सांगता येते. दुरुस्त्यांची वही पाहावी. गाडी कोणत्या हवामानात राहिली आणि किती दिवस नुसती उभी होती ते विचारावे. पंख्याची वाट स्वतः पाहावी. इन्व्हर्टरच्या पाण्याची पातळी पाहावी. आणि बॅटरीच्या प्रत्येक संचाचा दाब गाडीवर भार असताना यंत्राने मोजून घ्यावा. सर्व आकडे जवळजवळ सारखे आले तर रांगेतले सगळे हात घट्ट आहेत. एखादा आकडा खाली पडत असेल तर भाव त्या हिशोबाने पाडावा, किंवा नमस्कार करून घरी यावे.

भरवसा ही वस्तू कारखान्यात एकदाच तयार होऊन गाडीबरोबर मिळत नाही. अर्धा भरवसा बनवणाऱ्याने घातलेला असतो. उरलेला आधीच्या मालकाने राखलेला किंवा घालवलेला असतो, आणि तो किती शिल्लक आहे हे मोजण्याचे काम घेणाऱ्याचे असते. बैलबाजारातला शेतकरी हे पूर्वीपासून जाणत आला आहे.