हृदयासाठी धावताय? मग हे ऐका

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये मी लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवत धावतेय. नुसती एन्ट्री फी म्हणजे देणगी नव्हे हं. ती ओळखीच्यांकडे वेगळी मागावी लागते.

आता आपलं हृदय. नियमित धावलं की ते एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्याजागी नाडी सावकाश चालते. याला आठवडे लागतात. पेडर रोडचा चढ आदल्या रात्री जागून पास होत नाही! सराव करताना गप्पा मारता आल्या पाहिजेत.

छातीत दाब, चक्कर, जबड्यात कळ? थांबा. मेडल गेलं खड्ड्यात. शेजारचा कोसळला, श्वास नाही? 108 ला फोन लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध जोरात दाबत राहा, मिनिटाला 100 ते 120 वेळा.