विश्लेषण : कायद्यात बंदी नव्हती, तरी माओरी मतदार यादीबाहेर! न्यूझीलंडची पहिली संसदीय निवडणूक कशी झाली?

न्यूझीलंड या ब्रिटिश वसाहतीत १८५३ मध्ये पहिली संसदीय निवडणूक झाली. तेव्हा तेथील मूळ रहिवासी असलेले माओरी बहुसंख्य होते, पण मतदार यादीत त्यांची नावे होती जेमतेम शंभर. माओरींनी मतदान करू नये, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते. मग ते यादीबाहेर कसे राहिले?

निवडणूक कशी झाली?

ब्रिटिश संसदेने १८५२ मध्ये ‘न्यूझीलंड कॉन्स्टिट्यूशन ॲक्ट’ मंजूर करून वसाहतीला स्वशासनाचा अधिकार दिला. त्यानुसार सहा प्रांत आणि दोन सभागृहांची संसद ठरली. वरच्या सभागृहात नियुक्त सदस्य, तर कनिष्ठ सभागृहात ३७ निर्वाचित सदस्य होते. मतदान १४ जुलै ते १ ऑक्टोबर या काळात मतदारसंघानुसार वेगवेगळ्या दिवशी झाले. राजकीय पक्ष नव्हते. बे ऑफ आयलंड्समधून ह्यू कार्लटन बिनविरोध निवडून आले. ते देशाचे पहिले खासदार ठरले. मतदान उघड होते. गुप्त मतदानाचा कायदा १८७० मध्ये आला.

मतदानाचा हक्क कोणाला होता?

२१ वर्षे पूर्ण केलेल्या पुरुषांना, महिलांना नाही. मालमत्तेची अटही होती. ५० पौंड किमतीची स्वतःची जमीन किंवा वर्षाला १० पौंड भाड्याची जागा आवश्यक होती. घराचे वार्षिक भाडेमूल्य शहरात १० पौंड, तर ग्रामीण भागात ५ पौंड असले तरी चालत असे. ब्रिटनच्या तुलनेत ही अट सौम्य होती. त्यामुळे अनेक सामान्य वसाहतकरी मतदार झाले. एकूण नोंदणी ५,८४९ होती. अनेक मतदारसंघांत मालमत्ता असलेल्याला प्रत्येक ठिकाणी मत देता येत असे.

माओरी कुठे अडले?

याच मालमत्तेच्या अटीत. माओरींकडे जमीन भरपूर होती, पण ती जमातीच्या किंवा कुळाच्या सामूहिक मालकीची होती. कायद्याला हवी होती व्यक्तीच्या नावावरची मालकी. सर्वांसाठी सारखा दिसणारा नियम प्रत्यक्षात एकाच समाजासाठी भिंत ठरला.

त्याचा परिणाम काय झाला?

पहिली संसद २४ मे १८५४ रोजी ऑकलंडमध्ये भरली. मंत्री संसदेला उत्तरदायी असावेत, यासाठी सदस्य आणि हंगामी गव्हर्नर रॉबर्ट विनयार्ड यांच्यात संघर्ष झाला. असे सरकार १८५६ मध्ये आले. पहिले पंतप्रधान मानले जाणारे हेन्री स्यूएल जेमतेम दोन आठवडे टिकले.

माओरींना मात्र याची मोठी किंमत मोजावी लागली. १८६० मध्ये तारानाकीत जमिनीवरून युद्ध पेटले. बंडखोर ठरवलेल्या जमातींच्या जमिनी जप्त करण्याचा कायदा संसदेने १८६३ मध्ये केला. तो करणाऱ्या सभागृहात एकही माओरी सदस्य नव्हता. ज्या जमिनीच्या मालकीमुळे मत मिळाले नाही, तीच जमीन अशी हातची गेली.

पुढे काय बदलले?

१८६७ मध्ये माओरींसाठी ४ जागा राखीव झाल्या आणि २१ वर्षांवरील सर्व माओरी पुरुषांना मालमत्तेच्या अटीशिवाय मताधिकार मिळाला. इतर पुरुषांसाठी ही अट १८७९ मध्ये हटली, तर महिलांना १८९३ मध्ये मताधिकार मिळाला. मात्र ७० हून अधिक सदस्यांच्या सभागृहात ४ जागा लोकसंख्येच्या मानाने तुटपुंज्या होत्या. तरीही हा आकडा १९९० च्या दशकापर्यंत बदलला नाही. आज या जागा ७ आहेत आणि त्या असाव्यात की नसाव्यात, यावर तिथे अजूनही वाद होतो.